जवसाचं तेल आणि चौथी अवस्था

मार्च लागला की माझ्या नाकाला कॅलेंडरच्या आधी कळतं. पळस फुलतो तो डोळ्यांसाठी. नाकासाठी आमच्या वर्ध्याकडे वेगळी सोय आहे. कुणीतरी कडुलिंबाची वाळकी पानं झाडून पेटवलेली असतात, आणि त्या कडवट धुरात एखाद्या कॉलेजच्या खिडकीतून स्पिरिट, रबरी नळी आणि जर्नलच्या खाकी कव्हराला लावलेली खळ यांचा वास येऊन मिसळतो. गावाला वाटतं, उन्हाळा आला. मला वाटतं, प्रॅक्टिकलचे दिवस आले.

या दिवसांत विज्ञान शाखेत देवावरचा विश्वास फार वाढतो. ज्या मुलानं वर्षभर लोलकाकडे ढुंकून पाहिलेलं नाही, तो दाराशी चपला काढतो आणि लोलकाला नमस्कार करून आत जातो. शर्ट इस्त्रीचा, केसांना तेल, जर्नल छातीशी. जर्नलातली निरीक्षणं मात्र पिढीजात असतात. माझ्या वेळी एका हुशार मुलीच्या वहीतून तारेच्या लांबीची जी पाच मापं वर्गभर फिरली होती, तीच पाच मापं यंदा मला पुन्हा भेटली, दशांश चिन्हासकट. मी त्यांना ओळख दिली नाही. परीक्षकानं सगळ्याच जुन्या ओळखी काढायच्या नसतात.

होय, यंदा मी परीक्षक होतो, आणि तोही त्याच कॉलेजात, जिथे सोळा वर्षांपूर्वी मी स्वतः चपला काढून आत गेलो होतो. बाहेरगावाहून आलेला परीक्षक म्हणजे चार दिवसांचा जावई. त्याला पंख्याखालची खुर्ची. त्याच्या बशीतल्या चिवड्यात दाणे जास्त. त्याच्यासाठी शेवटच्या बहाराची संत्री कुणीतरी घरून आणलेली, आणि तो बोलला की सगळे हसायला तयार. मी तर बोलतोच. मला थांबवायला रेल्वेचा सिग्नल लागतो.

माझा धंदा प्लाझ्माचा. हे सांगितलं की लोक रक्तगट विचारतात. माझी एक मावशी अजून सगळ्यांना सांगते, ‘आमचा तो रक्तातलाच आहे काहीतरी, पण डॉक्टर नाही बिचारा.’ खरं म्हणजे घन, द्रव, वायू या तीन अवस्था शाळेत संपतात आणि चौथीवर माझं पोट चालतं. वायूला विजेनं इतकं छळायचं की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन घर सोडून रस्त्यावर येतात. मग तो उजळतो. आकाशातली वीज तशीच, सूर्यही तसाच, आणि आमच्या काचेच्या नळीत हातभर लांबीचा तोच तमाशा. नागपूरला एम.एस्सी., गुजरातेतल्या एका संशोधनसंस्थेत पीएच.डी., दोन वर्षं जर्मनी, आणि आता पुण्याकडे एका विद्यापीठात रीडर. हे सगळं मी त्या हातभर नळीच्या उजेडात चालत आलो.

या प्रवासात माझ्याबरोबर एक गोष्ट चालत आली. ती मी हॉस्टेलच्या मेसमध्ये सांगितली, परिषदांच्या जेवणावळीत सांगितली, जर्मनीत मोडक्यातोडक्या भाषेत हातवारे करून सांगितली. आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात एक लॅब अटेंडंट होता. प्रॅक्टिकलच्या दिवशी निर्वात पंपातलं तेल संपलं. मुंबईहून डबा आला नव्हता. तर या पठ्ठ्यानं काय करावं? घरी फोडणीला न्यायची जवसाच्या तेलाची बाटली उचलली आणि ओतली पंपात! इथे मी थांबतो. पाण्याचा घोट घेतो. मग त्याच्या आवाजात, मान तिरकी करून म्हणतो, ‘तेल तं तेल असते ना, सर!’ आणि टेबलं हलतात. दाद घ्यायला मी हात वर करतो.

ती गोष्ट खरी आहे. पंप खरा, तेल खरं, वाक्यसुद्धा खरं. फक्त एक माणूस बदललेला आहे. तेल मी ओतलं होतं.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं, आणि दुष्काळाचं साल. वर्ध्यात मार्चमध्येच नळाचं पाणी एक दिवसाआड येत होतं, लॅबमधल्या बेसिनवर ‘हात धुऊ नये’ अशी पाटी होती. मी पुलगावहून पॅसेंजरनं येत असे. गाडी उशिरा, म्हणून मीही उशिरा. लॅबच्या दारात सुखदेवजी उभे असत. तिशीतला सडसडीत माणूस, अंगात खाकी सदरा, कानावर पेन्सिल. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं कोठार आहे, त्यामुळे त्यांचं स्वागत ठरलेलं.

“या पुलगाववाले! बारूद घेऊन आले का?”

“नाई जी, पाशिंजर लेट होती.”

“पाशिंजरले काऊन नाव ठेवतं? तू जन्मलाच लेट असशीन.”

सुखदेवजी लॅब अटेंडंट होते, पण तात्पुरते. दर जुलैमध्ये त्यांना नवं पत्र मिळायचं, मग वर्षभर नोकरी. त्या जुलैमध्ये ते पक्के व्हायचे होते. आमचे विभागप्रमुख वैद्यसर यांनी वर शब्द टाकला होता. सेलूला त्यांचं घर, बायको आणि तिसरीत शिकणारी मुलगी. “एकदा पक्कं झालं का पोरीले इथंच शिकवीन,” असं ते म्हणत. लॅबच्या खिडकीतून समोरची वर्गांची रांग दिसायची, तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, जणू जागा आधीच राखून ठेवली आहे.

कॉलेजात निर्वात पंप एकच होता. कुणातरी दात्यानं दिलेला. वैद्यसरांच्या घरच्या जुन्या पडद्याचं कापड त्यावर पांघरलेलं असे. तो फक्त दोघांचं ऐकायचा, सुखदेवजींचं नेहमी आणि वैद्यसरांचं कधीमधी. सुरू केला की आधी तो गुरगुरायचा, नळीतली हवा निघत गेली की आवाज कोरडा होऊन ठकठक वाजू लागायचा. सुखदेवजी बोट वर करत. “आता बोलला तो. आयक.”

मग पडदे ओढायचे. काचेच्या नळीच्या दोन टोकांना वीज जोडायची. आधी एक जांभळी वाकडीतिकडी रेघ, नागासारखी. हवा आणखी कमी झाली की ती रेघ फुगून सगळी नळी गुलाबी व्हायची. आणि मग, पंपाच्या मनात असेल तर, त्या गुलाबी उजेडाचे तुकडे पडायचे. उजेडाची एक गोल चकती, मग अंधार, मग चकती. ओळीनं उभ्या. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. सुखदेवजी म्हणत, “भरल्या पाह्य बांगड्या!” आणि खरंच, कासारानं काठीत बांगड्या ओवून उजेडात धराव्यात तशी ती नळी दिसायची. माझा प्रबंध त्या बांगड्यांवर आहे. तीनशे पानं. त्यात बांगडी हा शब्द एकदाही नाही.

नळीला कुठे बारीक गळती असली की बांगड्या भरत नाहीत. गळती डोळ्यांना दिसत नाही. सुखदेवजी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचे आणि एकेका सांध्यावर टेकवत जायचे. गळतीपाशी बोळा आला की स्पिरिटची वाफ आत ओढली जायची आणि नळीतला गुलाबी रंग एकदम फिका, राखाडी-निळा पडायचा. “इथून शिरते चोर,” ते म्हणत, आणि मेण-राळ वितळवून ते भोक बुजवत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा हातातलं स्पिरिट सांडलं, रंग बदललेला दिसला, आणि त्यांनी तो लक्षात ठेवला. पुढे गुजरातेत लाखमोलाचं गळतीशोधक यंत्र तीन दिवस चाललं आणि गळती सापडेना, तेव्हा मी स्पिरिटचा बोळा फिरवून दहा मिनिटांत ती शोधली. गाईड चकित. “हे कुठे शिकलास?” मी म्हटलं, “सर, आमच्याकडे कापूस पिकतो.” सगळे हसले. टाळ्यासुद्धा झाल्या. एक नाव घ्यायला तेव्हा मला किती श्वास लागला असता?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला नागपूरचे परीक्षक यायचे होते. मोठं नाव. त्यांच्या नजरेत भरलेल्या मुलाला नागपूरला प्रवेश मिळतो, अशी वदंता होती, आणि वदंतेवर माझा अभ्यासक्रमापेक्षा जास्त विश्वास. नेमलेला प्रयोग करायचा आणि शिवाय त्यांना बांगड्या दाखवायच्या, असा माझा बेत. आदल्या दिवशी सुखदेवजींनी पंपाच्या पोटातल्या काचेच्या खिडकीत वाकून पाहिलं. तेल रेषेच्या खाली.

“उद्या पंप लावू नको. डबा आला नाई मुंबईहून.”

“पण मले त्याईले दाखवाचंच आहे जी.”

“दाखवजो ना. पुढच्या साली.”

“पुढच्या साली मी इथं कायले राहीन?”

“मंग मी दाखवीन. बांगड्या तुह्या नावानं थोडीच भरते?” असं म्हणून ते हसले आणि पंपावर पडदा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यसरांनी त्यांना परीक्षकांना आणायला सायकलरिक्षा घेऊन स्टेशनवर पाठवलं. लॅबमध्ये मी एकटा, नळी जोडून तयार. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळीच तेलघाणीवरून भरून आणलेली जवसाच्या तेलाची बाटली, तोंडाला कागदाचं बूच, तेलातून ऊन येऊन भिंतीवर पिवळा डाग पडलेला. आमच्याकडे घरोघर तेच खातात. मी पंपाकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. आणि बूच काढता काढता स्वतःशीच म्हटलं, तेल तं तेल असते ना.

पंप चालला. नुसता चालला नाही, लाडात आला. परीक्षक दारातून आत आले तेव्हा अंधाऱ्या लॅबमध्ये नळीभर बांगड्या उभ्या होत्या, एकीलाही थरथर नाही. ते म्हणाले, “वा!” पुन्हा म्हणाले, “वा!” वैद्यसरांना हाक मारली, माझं नाव विचारलं, खिशातल्या डायरीत लिहिलं. दारात सुखदेवजी त्यांची बॅग हातात घेऊन उभे होते. त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही. कठड्याकडे पाहिलं. मग पंपाकडे. मग माझ्याकडे.

सगळे चहाला गेल्यावर ते जवळ आले.

“किती टाकलं?”

“अर्धी.”

“बाकीची?”

“तेबी.”

“बाप्पा!” ते स्टुलावर बसले. ओरडले नाहीत. “जवस वाळते रे पोरा. सुतार लाकडाले कायले लावते? वाळून काचेवानी घट्ट होते ते. पंप खोला लागते, राकेलनं धुवा लागते, आजच्या आज. सरांले सांग. तूच सांगजो. मी सांगितलं तं मलेच म्हणतीन.”

“सांगतो जी.”

संध्याकाळी वैद्यसरांनी सगळ्या वर्गापुढे माझ्या पाठीवर थाप मारली. नागपूरच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मी स्वतः लिहीन, म्हणाले. त्या थापेवर लगेच पंपाची बातमी कशी द्यायची? उद्या देऊ. उद्या दुसऱ्या बॅचची परीक्षा. परवा रविवार. मग लेखी परीक्षा आली, लॅबला कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या कपाटात गेली. एप्रिलमध्ये बाजारात सुखदेवजी भेटले. हातात टरबूज. दुरूनच विचारलं, “सांगितलं का सरांले?”

“हो.”

“काय म्हनले?”

“सुट्टी झाल्यावर पाहू म्हनले.”

“मंग ठीक आहे बाप्पा. मले झोप नोती,” ते म्हणाले, आणि टरबुजाला टिचकी मारून मला तो आवाज ऐकवला. गोड निघेल म्हणाले.

तो उन्हाळा मी पुलगावला घरी काढला. वर्ध्याचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगावं? दुपारी अकराला रस्ते ओस, छपरावरची कवेलू तापून कडकडतात, घागरीतलं पाणीसुद्धा धापा टाकतं. मी आंब्याचं पन्हं पीत ओसरीत लोळत होतो आणि मधूनच बंद लॅब डोळ्यांपुढे येत होती. खिडक्या लावलेल्या. पडद्याखाली पंप. त्याच्या पोटात ते पिवळं तेल आधी मधासारखं, मग डिंकासारखं होत चाललेलं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. घरात पोस्टकार्डं होती. मी त्यातली दोन मित्रांना लिहिली, निकाल काय लागेल याबद्दल.

जुलैमध्ये पत्र घ्यायला गेलो. वैद्यसरांच्या खोलीत ते, मी आणि भिंतीला टेकून उभे सुखदेवजी. पंप टेबलावर उघडा पडला होता. आत सगळीकडे तांबूस काच चढली होती, जणू कुणी दागिन्याला लाख भरावी. खोलीला जवसाचा वास. कुणाच्या हातात रोज जवसाची बाटली असते हे साऱ्या कॉलेजला ठाऊक.

“तुला याबद्दल काही माहीत आहे?” सरांनी मला विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, “तुला कसं माहीत असणार! असलं यांनाच सुचतं.”

त्या ‘यांना’ शब्दात अटेंडंटची नोकरी होती आणि सुखदेवजींची वस्ती, त्यांच्या घरातला बुद्धाचा फोटो, हे सगळंही होतं. ते मला तेव्हाही कळलं. वैद्यसर वाईट नव्हते, त्यांनीच तर शब्द टाकला होता. म्हणूनच तो शब्द किती सहज निघाला ते मी विसरू शकत नाही. सुखदेवजींनी माझ्याकडे पाहिलं. पाहण्यात राग नव्हता. वर्गात मास्तर ज्याला उत्तर येतं त्या मुलाकडे पाहतो, तसं पाहिलं.

“नाही सर,” मी म्हटलं.

माझं पत्र खणातून निघालं. चांगलं होतं, दीड पान. सुखदेवजींचं नवं पत्र निघालं नाही. मी दुपारच्या गाडीनं परत गेलो.

पुढचं सगळं छान झालं. छान होणं किती सोपं असतं! गुजरातेत एका पावसाळी संध्याकाळी मेसमध्ये जो तो आपल्या गावच्या गमती सांगत होता. माझी पाळी आली. मी सुरुवात केली तेव्हा, शपथेवर सांगतो, खरं सांगायचं मनात होतं. पण ‘मी तेल ओतलं’ म्हटलं की पुढे ‘मग काय झालं?’ हा प्रश्न येणार. ‘एक अटेंडंट होता’ म्हटलं की कुणीच काही विचारत नाही. हशा होतो आणि भात वाढला जातो. मान तिरकी करणं वगैरे मागाहून सुचत गेलं. सुखदेवजींची मान कधी तिरकी नव्हती.

यंदा परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा झाला. नव्या पिढीचे सहा-सात अध्यापक, चिवडा, संत्री. कुणीतरी म्हणालं, सर, तुमच्या वेळच्या गमती सांगा. सांगायला मला आग्रह लागत नाही. रंगली, फार रंगली. ‘तेल तं तेल असते ना, सर!’ला एकाच्या नाकातून चहा आला. हशा ओसरला तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या अध्यापिकेनं, माझ्याबरोबर परीक्षा घेणाऱ्या तरुण मुलीनं, संत्र्याची फोड बशीत परत ठेवली. नाव प्रज्ञा, विभागात तात्पुरती नेमणूक, एवढंच मला ठाऊक होतं.

“सर, त्यांचं नाव सुखदेव होतं,” ती म्हणाली. “माझे वडील.”

ती उठली आणि लॅबकडे निघून गेली.

मी तिला लॅबमध्ये गाठलं. ती मुलांच्या उत्तरपत्रिका लावत होती. प्रमाण, नीट, वर्गात शिकवतात तसं बोलत होती. वडील दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. नोकरी सुटल्यावर सेलूला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. हात चांगला होता, काम पुष्कळ यायचं.

“तुमच्याबद्दल सांगायचे. पुलगावचा पोरगा जर्मनीले गेला म्हणे, बांगड्या शिकवाले.” हे तिनं त्यांच्या बोलीत म्हटलं आणि क्षणभर हसली. “तेलाबद्दल नाही बोलायचे. आई बोलायची. मला वाटायचं, बाबांनी एवढी साधी चूक कशी केली? फिजिक्स घेतलं ते त्याच हट्टानं, की आपण असं वेंधळं काम करायचं नाही.”

“ती चूक त्यांची नव्हती,” मी म्हटलं, आणि सांगितलं. स्टेशन, रिक्षा, बाटली, एप्रिलमधलं टरबूज, जुलै. ती उत्तरपत्रिका लावत राहिली. एकाच गठ्ठ्याच्या कडा पुन्हा पुन्हा जुळवत राहिली.

“माफी मागायची असेल तर मला नका मागू,” शेवटी ती म्हणाली. आणि मग ती नीट भाषा एकदम सुटली. “माह्या आईले सांगा. तिनं त्याईले जलमभर आयकवलं.”

आम्ही दुपारच्या एस.टी.नं सेलूला गेलो. खिडकीबाहेर शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झालेली शेतं, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर अडकलेला मळका कापूस. मी मनात गोष्ट जुळवत होतो, कुठून सुरू करावी, कुठे थांबावं, आणि माझ्याच लक्षात येत होतं की मी पुन्हा पाण्याच्या घोटाची जागा शोधतो आहे.

वच्छलाबाई अंगणात चिंच फोडत बसल्या होत्या. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, पुढ्यात काळाभोर गर. “बस बाप्पा, खाटेवर बस,” म्हणाल्या. लेकीचे साहेब आले म्हणून पदर सारखा केला. प्रज्ञा म्हणाली, “आई, हे पुलगावचे.” त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला नको होता.

ज्या गोष्टीला मी वीस मिनिटं लावतो ती चार वाक्यांत संपली, ती मी त्यांच्या नावावर सांगत फिरलो यासकट.

“म्हंजे तेल तुमी टाकलं.”

“हो.”

“अन् त्याईले माहीत होतं?”

“हो. त्यांनी मला सरांना सांगायला सांगितलं होतं.”

“मंग काऊन नाई सांगितलं?”

मी आजवर किती परीक्षकांना, किती संपादकांना उत्तरं दिली आहेत. या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. “भेव वाटलं.”

“कायचं?”

“सरांचं पत्र भेटणार नाई याचं.”

“भेटलं?”

“भेटलं.”

त्यांनी एक चिंच फोडली. चिंचोका काढला. “त्या दिवशी रिकामी बाटली घेऊन आले. म्या म्हटलं, तेल कुठं? म्हनते, मशिनीत गेलं. बस, इतकंच. मी समजली, यायनंच टाकलं. नोकरी गेली तं मी म्हटलं, जवसाचं तेल कोनी मशिनीत टाकते का, येड्या माणसा? भाजीले फोडणी देताना म्हनो. लग्नाकार्यात चार बायाईपुढं म्हनो. थे हासत.” हात थांबला होता. “दवाखान्यात होते तवाबी म्या म्हटलं एकडाव.”

प्रज्ञा आत गेली. भांड्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही.

“सांगितलं काऊन नाई त्यांनी तुम्हाला?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मले काय माहीत? तुमी इचारून घ्याचं होतं ना त्याईले. चौदा सालं होते तुमच्यापाशी.” आवाज चढला नाही. “तुमी हे कुठं कुठं सांगत राहता म्हनता.”

“हो.”

“ज्याईच्यापुढं सांगितलं त्याईच्यापुढंच सांगा मंग. मले सांगून का होते? मी कोनाले सांगू आता, त्याईले?”

चहा झाला. मी तो घेतला. नाही म्हणायचाही अधिकार मला त्या अंगणात नव्हता.

परतीच्या गाडीत मी हिशेब करू लागलो, कुणाकुणापुढे सांगितली. मेसमधले गेले देशोदेशी. परिषदांमधले चेहरे आठवेनात. जर्मनीतला तो म्हातारा प्राध्यापक, जो हसताना चष्मा काढायचा, तो तर वारला. त्याच्या जगात आमच्या वर्ध्याबद्दल एकच गोष्ट होती, आणि ती तो घेऊन गेला. एवढ्या सगळ्या लोकांच्या मनात कुठेतरी तिरकी मान करून एक माणूस उभा आहे, आणि त्याला तिथून हलवायला आता मी पोचू शकत नाही. हाताशी राहिली ती एक स्टाफरूम.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्राचार्य स्वतः आले. “काल सर, तुम्ही एक भन्नाट गोष्ट सांगितलीत म्हणे. आम्ही मुकलो. होऊ द्या पुन्हा!” आदल्या दिवशी शेवटी काय घडलं ते त्यांना कुणी सांगितलं नसावं. बाकीच्यांनी चिवड्यात डोळे घातले. प्रज्ञा खिडकीपाशी गुणपत्रक भरत होती.

मी उभा राहिलो. “आमच्या वेळी इथे एक लॅब अटेंडंट होते. त्यांचं नाव सुखदेव. स्पिरिटच्या बोळ्यानं गळती शोधायची रीत मी त्यांच्याकडून शिकलो.” पंप आला, बाटली आली, आणि नवल म्हणजे तिथे हशा आलाच, जुन्या जागी. मी थांबलो. हशा संपू दिला. मग म्हटलं, “ती बाटली मी ओतली. ते स्टेशनवर गेले होते.” आणखी एक-दोघं हसले, त्यांना वाटलं, गोष्टीला नवा पेच दिला. मी जुलैपर्यंत गेलो. ‘यांनाच सुचतं’ हे वाक्य आलं तेव्हा प्राचार्यांनी कप खाली ठेवला. मी ‘नाही सर’पर्यंत पोचलो आणि खाली बसलो. गोष्टीला शेवट नव्हता, त्यामुळे ती संपली हे कुणाला कळेना.

“चालायचंच,” प्राचार्य घसा साफ करून म्हणाले. “जुन्या गोष्टी.”

शेजारचा तरुण अध्यापक, काल ज्याच्या नाकातून चहा आला होता तो, मनाचा चांगला मुलगा. माझ्याकडे वाकून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “पण सर, कालची जास्त रंगली होती.”

“हो,” मी म्हटलं. “आजची मी पहिल्यांदाच सांगितली.”